माझ्या ओळींचा वारस

मी, खाली सही करणारी, वय चोपन्न, अविवाहित, व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने लिहून ठेवते. हृदयाच्या डॉक्टरांनी घाई करायला सांगितली आहे. तिला दबाव म्हणत नाहीत.

एक. तिसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर आणि बँकेतली ठेव माझ्या भाचीला, म्हणजे दादाच्या मुलीला. न्हाणीघराचा नळ जोर लावल्याशिवाय बंद होत नाही. आत्याही तशीच होती असं कोणी म्हणेल, म्हणू द्यावं.

दोन. कीबोर्ड फेकून द्यावा. अक्षरं पुसली गेली आहेत, कुठलं कुठे ते फक्त माझ्या बोटांना ठाऊक.

तीन. आता खरी इस्टेट. बावीस वर्षांपूर्वी दादाने आणि मी ग्रंथालयांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पुस्तकांची नोंद करणारा भाग माझा, हवं ते पुस्तक शोधून देणारा, म्हणजे शोध, त्याचा. कोणीही फुकट वापरावा, हवा तसा बदलावा. अट एकच, जो सुधारेल त्याने सुधारणा सगळ्यांना परत द्यावी. पुढे शेकडो लोकांनी त्यात भर घातली. मग एक मोठी संस्था म्हणाली, ती अट काढा, प्रकल्प आम्ही सांभाळतो. अट काढायची तर लिहिणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती हवी, कारण ज्याची ओळ त्याचा हक्क. ते काम मी हौसेने अंगावर घेतलं.

तीन वर्षं मी लोकांच्या हात धुऊन मागे लागले. एक जण वारला होता. त्याच्या बायकोने सहीआधी विचारलं, "यांनी लिहिलेलं अजून चालतं का हो?" दोनच ओळी होत्या, तारखा लावणाऱ्या. चालतात म्हटल्यावर बाईंनी चष्मा लावून त्या वाचल्या, समजलं काहीच नाही, मग सही केली.

नाही म्हणाला तो एकटा दादा.

"घेणाऱ्याने परत द्यावं, एवढंच तर मागितलं होतं आपण. तेही जड झालं तुला?"

मी म्हटलं, तू तत्त्वं कुरवाळत बस, तोवर प्रकल्प मरेल. प्रकल्पाच्या वकीलबाईंच्या सल्ल्याने त्याच्या सहा हजार ओळी काढल्या आणि नक्कल ठरू नये म्हणून, ज्यांनी त्या ओळी कधीच पाहिल्या नव्हत्या अशा दोघांकडून शोध नव्याने लिहून घेतला. वर नियम केला: ज्याची ओळ नाही, त्याचं नाव लेखकांच्या यादीत नाही. भाषा सुबक होती, माझीच. नवा शोध जुन्यापेक्षा मंद आहे, हे आज पहिल्यांदा कबूल करते.

याला आठ वर्षं झाली. फोन केला की वहिनी उचलतात आणि ते बाहेर गेलेत म्हणतात. मागे दादा खोकत असतो. वहिनींवर माझा राग नाही. त्यांना खोटं बोलता येत नाही, हे उलट बरंच आहे.

चार. या मृत्युपत्रासाठी कागद लावताना संमत्यांची फाइल उघडली. तीनशे अठरा जणांच्या सह्या नीट लावलेल्या. माझी नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच. निम्मा प्रोग्रॅम माझा, म्हणजे अट कागदोपत्री अजून निघालेलीच नाही. वकीलबाई म्हणाल्या, "आत्ता करा सही आणि तारीख तेव्हाची घाला. कोण बघतंय?" मी केली नाही, करणारही नाही.

पाच. सोमवारी मी यादीत दादाचं नाव परत घातलं. दुपारपर्यंत संस्थेतल्या नव्या पोरांनी ते काढलं आणि खाली माझाच नियम मला चिकटवला. अत्यंत नम्रपणे.

सहा. म्हणून माझ्या सर्व ओळींवरचे सर्व हक्क मी दादाला देते. संमती द्यायची की नाही, हे त्याने ठरवावं. त्याच्या ओळी काढता आल्या. माझ्या काढल्या तर मागे प्रोग्रॅमच उरत नाही, तेव्हा या वेळी त्याला विचारावंच लागेल. प्रत्येक प्रतीच्या माथ्यावर हक्कधारकाचं नाव असतं. तिथलं माझं नाव खोडून दादाने स्वतःचं घालावं. नियमात बसतं, मी तपासलं आहे.

सही: (वरील मजकूर लिहिणारी)

साक्षीदार:
१. शेजारचे चष्मेवाले (सही)
२. तालुका ग्रंथालयाच्या निवृत्त ग्रंथपाल (सही, जुना शोध वेगवान होता, असं त्यांनी न विचारता सांगितलं)

ठिकाण: राहत्या घराची स्वयंपाकखोली
दिनांक: १४ मार्च २०२५