मफलरखालची गाठ

फैजपूर, १९ जानेवारी २०२५

चि. योगराज यास अनेक आशीर्वाद.

तू सांगितल्यापासून फोन बंद आणि पत्र चालू. पत्र पोचेपर्यंत निम्म्या काळज्या आपोआप मरतात, असं मानसशास्त्राचा प्राध्यापक म्हणतो, तर थोरल्या बहिणीने काय वाद घालायचा? तुझे दाजी मात्र खूश आहेत, घरातला फोन मोकळा झाला म्हणून.

तरी एक काळजी मेलेली नाही. परवा शेतात वांग्याच्या भरताला आलात, तेव्हा तू मफलर काढलास आणि कानाखाली हरभऱ्याएवढी गाठ दिसली. विचारलं तर म्हणालास, दाढी करताना लागलं. दाढीने गाठ येत नाही रे. डॉक्टरला दाखव. माझ्या मनात तुझं ऑपरेशन होऊन गेलं आहे, आणि त्याच्या पुढचंही. पुढचं लिहीत नाही.

तुझी,
सुनंदाअक्का

धुळे, १० फेब्रुवारी

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझं मन म्हणजे मधले सगळे थांबे गाळणारी गाडी. फैजपूरला बसलीस की थेट स्मशानात उतरतेस. मी वर्गात हेच शिकवतो, की त्रास गाठीचा नसतो, गाठीबद्दलच्या विचाराचा असतो. मी विचारच करत नाही, म्हणून मला त्रास नाही. चारुलता म्हणते, गाठ आता बोराएवढी झाली. बायको माझी, पण लागण तुझी.

काल तणावमुक्त जगण्यावर माझं व्याख्यान झालं. टाळ्या भरपूर मिळाल्या. एकाने मफलरबद्दल विचारलं, थंडी आहे म्हटलं.

दाजींना नमस्कार. लोभ असू दे, धास्ती नको.

योगराज

फैजपूर, ६ मार्च

चि. योगराज यास आशीर्वाद.

धुळ्यात मार्चमध्ये थंडी म्हणजे नवलच. चारुलताने मला सगळं कळवलं. मंगळवारी जळगावच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. सतरंजी, दशम्या, पाणी घेऊन मी स्टँडवर उभी असेन. तू विचार करू नकोस, तो माझा करून झाला आहे. तू फक्त मान घेऊन ये.

अक्का

धुळे, १२ मार्च

ती. अक्कास सा. न.

सुई पाहून मी आडवा झालो, हे दाजींना सांगू नकोस. चारुलता म्हणते, मी शुद्धीवर येईपर्यंत तू नर्सला चांगला चहा कुठे मिळतो ते विचारलंस, आणि नंतर बाकावर घोरलीस. तुला झोप लागते तरी कशी? मला नाही लागत. माझे वर्ग कोण घेईल, चारुलता एकटी कशी राहील, सगळं डोळ्यांपुढे येतं. मुलांना शिकवतो ते एकेक स्वतःला सांगून पाहिलं. हा विद्यार्थी ऐकत नाही.

सोमवारी रिपोर्ट तूच घे. फोन करू नकोस, तुझं नाव दिसलं तरी माझं काही खरं नाही. आमचे दोन्ही फोन बंद करून ज्वारीच्या कोठीत ठेवलेत. पत्रच पाठव. पण लवकर पोचेल असं बघ.

योगराज

जळगाव बस स्टँड, १७ मार्च

साधी गाठ आहे, धोक्याची नाही. आशीर्वाद मागाहून घे.

टपालाच्या वाटेत काळज्या मरतात खऱ्या, पण त्यांच्याआधी तूच जाशील. म्हणून ही चिठ्ठी धुळे गाडीचा कंडक्टर, आपल्या गावचा पुना, त्याच्या हाती देते आहे. अक्षर वाकडं आलंय, कारण रिपोर्ट ऐकल्यापासून माझ्या डोळ्यांचं पाणी थांबत नाही. सोबत आलेले दाजी विचारतात, सगळं ठीक निघालं, मग आता कशाला रडतेस. त्यांना काय सांगू? वाईटाची तयारी मी पार शेवटापर्यंत केली होती. याची केलीच नव्हती.

फोन ज्वारीतून काढ. लोभ आहेच.

अक्का