पहिल्या रांगेत टाळी वाजवायची नाही

१४ नोव्हेंबर २०१९, गुरुवार
पद्मजाने आज तोंड उघडलं. लाइटिंगचा कोर्स करून पोरगी लग्नांचे मांडव उजळत होती, ते बरं होतं. आता म्हणे 'भस्मासुर' नावाच्या बँडबरोबर. नाव ऐकूनच आंघोळ करावीशी वाटली. तेवीस तारखेला वारज्याच्या पुढच्या मैदानावर त्यांचा शो आहे, त्यात एक देखावा हिचा. लोकांना आवडला तर वर्षभर बँडबरोबर गावोगाव फिरायचं. पडला तर घरी राहून कात्रजच्या श्रीधरला बघायला तयार आहे, असं स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. हे म्हणाले, व्यवहार चोख आहे.
पुण्यातले लोक असल्या प्रकारांना भुलत नाहीत. प्रश्न मिटला. श्रीधरच्या आईला फोन करून पुढचा आठवडा मोकळा ठेवायला सांगितलं.

१६ नोव्हेंबर, शनिवार
शत्रूची माहिती असावी म्हणून त्यांचा एक व्हिडिओ बघितला. शी. तोंडाला काजळी, अंगावर कसल्याशा चिंध्या. एक जण क्रेनला वटवाघळासारखा उलटा टांगलेला, आणि तसाच गातो. दुसरा तोंडातून जाळ काढतो. आणि विजेचा चुराडा किती! आमच्याकडे देवघरातला बल्बसुद्धा मी आरती झाली की बंद करते.
गाणं कळलं नाही. परत बघितला, तरी नाही. तिसऱ्यांदा फक्त तो उलटा टांगलेला खाली कसा उतरतो तेवढंच बघितलं. त्यालाही आई असेलच ना.
जपाची एक माळ जास्त केली.

१८ नोव्हेंबर, सोमवार
देवीला कौल लावला. पोरगी घरी राहील ना, असं विचारलं. उजवं फूल पडलं तर हो. डावं पडलं. फुलं ओली होती. पुसून परत लावली. डावं. भैरू गुरव म्हणाला, "काकू, देवी सांगतीया ते ऐका की." याला फुलं धड आणता येत नाहीत आणि मला शिकवतो. तिसऱ्या वेळी उजवं पडलं. आमच्या भजनी मंडळातली तुळजाबाई शेजारीच होती, म्हणाली, तुजा पदर लागला. लागला असेल. पदर तरी कोणाच्या इच्छेने लागतो?

२० नोव्हेंबर, बुधवार
पद्मजाने आमच्या सगळ्या भजनी मंडळाला पहिल्या रांगेचे पास आणून दिले. फुकट. फुकटचं वाया घालवू नये, आणि त्यातूनच योजना सुचली. सगळ्याजणींनी पुढे हाताची घडी घालून बसायचं. टाळी नाही, हसू नाही. पुढची रांग गार पडली की मागची पडतेच, हे कीर्तनात कितीदा बघितलंय. एकेकीला देवीच्या भंडाऱ्यावर हात ठेवायला लावला.
तुळजाबाईने विचारलं, "आन् आवडलं तर?" आवडणार नाही, म्हटलं. "नाय, पन समज, आवडलं." तिला म्हटलं, तू गप. मथुराबाईंची शंका एकच, तिथं घरचा डबा नेऊ देतात का.
आम्ही कौतुकाने चाललोय असं वाटून पद्मजा गळ्यात पडली. जरा कसंसंच झालं. पण तिच्या भल्यासाठीच आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. एकादशी
पद्मजा दुपारी आंघोळीपुरती घरी आली. बोटांवर भाजल्याचे चट्टे. काय उभं करतेस एवढं, विचारलं. म्हणाली, "उद्या बघ ना आई. तुला आवडलं की नाही ते मला तुझ्या तोंडावरून कळेलच." भगर वाढेपर्यंत बसल्या बसल्या झोपली. मन हललं. लगेच आवरलं.

२३ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी चार
सकाळी उठतो तो टीव्हीवर मुख्यमंत्र्यांचा शपथविधी. हे तिथून हलले नाहीत. एका दिवशी दोन तमाशे मला झेपत नाहीत. पहिली रांग म्हणून नव्या चपला काढल्या आहेत. निर्धार पक्का. निघतो.

२४ नोव्हेंबर, रविवार
झालं ते असं. मैदानात खुर्च्याच नाहीत. एवढं तिकीट घेऊन लोकांना उभं ठेवतात. आम्ही सतरंजी अंथरली. गणवेशातला पोरगा म्हणाला, मावशी, इथं बसता येत नाही. म्हटलं, मग तू उभा राहा, तुला कोण बसवतंय? गेला.
मग सुरू. कानठळ्या, जाळ, धूर. मथुराबाईंना खोकल्याची उबळ. तो उलटा टांगलेला आमच्या डोक्यावरून गेला, अंगाला तेल चोपडलेलं, किळस आली. शेजारची एक पोरगी माझाच खांदा धरून किंचाळत होती. हाताची घडी सोडली नाही.
मग सगळं विझलं. मिट्ट अंधार. त्यात खाली एक दिवा. त्याच्यावर दोन. मग ओळ, त्यावर ओळ, वर वर. दीपमाळ. आपल्या देवळापुढचीच, पण चार मजली उंच. देवळातली उजव्या अंगाला जराशी कललेली आहे, हीसुद्धा तश्शीच. परवाच्या त्रिपुरी पौर्णिमेला आम्हीच पेटवली होती.
लोखंड आणि बल्ब आहेत, हे मला ठाऊक होतं. तरी चपला निघाल्या. दीपमाळेपुढे पाय आपोआप मोकळे होतात, त्यात माझा काय दोष? हात जोडले. वळून बघते तर मंडळातल्या सगळ्या अनवाणी. तुळजाबाई तर लोटांगणाच्या बेतात. मागच्या पोरापोरींनी बूट काढले. मग त्यांच्या मागच्यांनी. सगळं मैदान गप्प.
टाळी कोणीही वाजवली नाही, हे इथे नमूद करते. तेव्हा योजना पार पडली असंच म्हणावं लागेल.
नंतरच्या गर्दीत चपला सापडल्या नाहीत. घरापर्यंत अनवाणी. ह्यांनी दारातच विचारलं, "यात्रा कशी झाली?" चपला खर्चाच्या कोणत्या खात्यात मांडाव्यात कळेना. देवधर्मात घातल्या.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
मोठ्या पडद्यावर मीच होते म्हणे. हात जोडलेली, गालांवर पाणी. धुराने आलं होतं. तो व्हिडिओ आता सगळ्यांच्या फोनवर फिरतोय. बँडचा मॅनेजर पद्मजाला म्हणाला, टाळ्या सगळीकडे पडतात, अशी शांतता कुठं बघितली नाही. करार झाला. शुक्रवारी निघणार.
मी तिला खरं काय ते सांगून टाकलं. तुझा देखावा पाडायलाच आलो होतो आम्ही. पोरगी हसायलाच लागली. म्हणाली, "पास दिले त्याच दिवशी तुळजाकाकूंनी सांगितलं होतं मला." मग पास का नाही परत घेतलेस? "तू येणार होतीस ना पण."
तुळजाबाईला मंडळातून काढण्याचा ठराव मांडणार होते. पण पेटी तिची आहे.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार
पद्मजा सकाळी गेली. पाया पडली तेव्हा मी तोंड फिरवलं होतं. हात मात्र तिच्या डोक्यावर गेला, आणि बराच वेळ तिथंच राहिला.
वर्ष काय, बघता बघता जाईल. श्रीधर थांबेल. घर चांगलं आहे, देवाधर्माचं. दुपारी त्याच्या आईला मीच फोन केला, जरा धीर धरा म्हणून. फार गोड बोलल्या. व्हिडिओ त्यांनी घरातल्या सगळ्यांनी मिळून बघितला. मुलीबद्दल त्यांची काही तक्रार नाही. उद्योगी आहे, खुशाल फिरू दे, म्हणाल्या.
अडचण फक्त मुलीच्या आईची आहे, म्हणाल्या.