पाटाच्या पाण्याची वरची ओळ

१८ नोव्हेंबर १९७९, साकोली

शालिकशी आज पुन्हा वाजलं. विषय तोच. गावोगाव गाणी करणाऱ्या चुलबंद पार्टीचं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं.

काल लाखांदूरकडे एका गावात मंडई होती, दिवाळीनंतरची जत्रा. पार्टीचा कार्यक्रम, म्हणून दोघंही गेलो होतो. सकाळच्या गाडीनं परत. डोळ्यांत झोप, तरी स्टँडसमोर त्याच्या शिलाईच्या दुकानात चहा थंड होईपर्यंत भांडलो. शा.चं म्हणणं, पार्टीची जुनी गाणी तीच गाणी. पेटीवाल्या लहानूनं स्वतः चाल लावलेली, सिनेमाची न उचललेली. त्यातही 'पाटाचं पाणी'. माझं म्हणणं, नंतरची गाणी जास्त मुरलेली आहेत. 'यष्टी निंगाली' ऐका. लोक हसतात अन् हसता हसता गप्प होतात.

शा. म्हणाला, "तू यष्टीत कंट्रोलर हायेस म्हून तुले थे आवडते. उद्या तहसीलीत लागशीन तं सातबाऱ्याचं गानं आवडन."

एक गोष्ट दोघांनीही काढली नाही. काल 'पाटाचं पाणी'त वरची ओळ आली, 'आमच्या बांधीले कव्हा रे पानी', म्हणजे आमच्या धानाच्या शेताला, तिथे सूर चढतो, अन् सुखदेवदादाचा आवाज फाटला. लहानूनं पेटी दाबून वाजवली, झाकून घेतलं. लोकांनी टाळ्या दिल्या. सुखदेवदादा गातो, लहानू लिहितो अन् पेटी वाजवतो. दोघं एका मोहल्ल्यातले, पोट्टे होते तेव्हापासून सोबत. आवाज फाटलेला मी तरी पहिल्यांदा ऐकला.

२ डिसेंबर

लाखांदूर गाडीतून सुखदेवदादा उतरला. गळ्याला दुपट्टा. सोबत मुलगी कुंदा. धान कापणी आटोपली, आता गाण्याचा हंगाम, अन् घसा बसला म्हणे. हळद, जेष्ठमध, गरम पाणी, सगळं करून झालं. शा.नं दुकानात बसवलं. आमचं भांडण कानावर होतंच त्याच्या. हळू आवाजात म्हणाला, "गानी लहानूची हायेत जी. मी तोंड उघडतो." मग हसायला गेला अन् खोकला लागला. कुंदानं पाणी दिलं. तिच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही आज. फार चूप मुलगी.

माझी बायको (कमल) म्हणते, भंडाऱ्याला दाखवा. सांगितलं त्याला. हो म्हणाला.

२१ जानेवारी १९८०

सुखदेवदादाला आता भाकर गिळवत नाही. पेज पितो. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं नागपूरची चिठ्ठी दिली. लहानू विचारायला आला, बाबूजी तुम्ही सोबत चालाल का, तिथे आम्हाले कोन ओळखते. रजा टाकली.

२९ जानेवारी

नागपूर. मोठा दवाखाना, मोठी रांग. सु.दा., लहानू, कुंदा, मी. डॉक्टर चांगला होता, घाई केली नाही. म्हणाला, गाठ स्वरयंत्रात आहे, ते काढावं लागेल. नाही काढलं तर पावसाळा पाहणं कठीण. गळ्याला समोरून भोक राहील, त्यातून श्वास.

सु.दा.नं विचारलं, "बोलता येईन का?"

डॉक्टर म्हणाला, तसं नाही येणार.

गाण्याचं त्यानं विचारलंच नाही. लहानूही नाही. परतीच्या गाडीत लहानू खिडकीकडे तोंड करून बसला होता. कुंदा बापाच्या दुपट्ट्याची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची. ऑपरेशनला पुढच्या महिन्यात बोलावलंय.

३ फेब्रुवारी

लहानूनं विषय काढला. ऑपरेशनच्या आधी गाणी भरून ठेवू. शा.चा साळा चिखल्याला खाणीत नोकरीला आहे, त्यानं टेपरेकॉर्डर घेतलाय. तो घेऊन येतो म्हणाला. कॅसेट एकच. अन् गळा किती चालेल कोणाला ठाऊक. म्हणजे गाणी निवडावी लागतील.

मग काय. इतकी वर्षं जे मजेनं भांडत होतो ते आज खरं झालं. शा. म्हणाला सगळी जुनी. मी म्हणालो निदान अर्धी नंतरची. तो चिडला. म्हणाला, तुझ्या यष्टीपायी एक जुनं गाणं कायमचं जाईल, चालेल का तुला? मीही बोललो. जुनं जुनं करतोस, तुला गाणं कळत नाही, तुला तुझं तरुणपण पाहिजे. त्यानं कात्री खाली ठेवली. "हो, पायजे," म्हणाला, "मंग?" अन् मशीन चालू केली. मी उठून आलो.

कमलला सांगितलं. ती म्हणाली, ज्याचा गळा आहे त्याला विचारलं का कोणी?

७ फेब्रुवारी

सु.दा.च्या गावी, त्याच्या घरी, सकाळपासून. शा. अन् मी एकाच गाडीत, वेगवेगळ्या सीटवर. साळा टेप सांभाळत आला, नवरदेवासारखा.

सु.दा.नं आम्हा कोणाची निवड ऐकली नाही. खाटेवर बसला, लहानूकडे पाहिलं अन् सुरू केलं. आम्हाला फारशी आठवणीतही नव्हती अशी गाणी. धानाच्या रोवणीचं एक. वस्तीतल्या विहिरीचं एक. आवाज खाली, खरखरीत, पण सुरात. मध्ये थांबायचा, पाणी, पुन्हा. 'यष्टी निंगाली' अर्धं म्हटलं, माझ्याकडे पाहून. पुढे जमलं नाही.

मग शा.नं हात जोडले. 'पाटाचं पाणी'. सु.दा.नं मान हलवली, वरची ओळ नाही होणार. लहानू म्हणाला, होईल तेवढं म्हण. त्यानं धरलं. वरची ओळ आली, तो थांबला, पेटी एकटी पुढे गेली. अन् आतून, चुलीजवळून, कुंदानं ती ओळ उचलली.

कसं लिहू. चढाच्या जागेला जराही जोर न लावता. बाप खालून, ती वरून. पूर्ण गाणं झालं तसंच. साळ्याचं बोट बटणावर तसंच राहिलं. शा. रडत होता, लपवलंही नाही. माझ्याकडे पाहिलं त्यानं अन् मी मान हलवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं दोघांचं एक झालं. हेच.

सु.दा.चा चेहरा मात्र काळा पडला होता. म्हणाला, "थे पुसून टाक."

लहानू म्हणाला, अरे सुखदेवा, तुझ्या पोरीचा गळा ऐकला का?

"ऐकला म्हून म्हनतो. पुसून टाक. तिले पार्टीत आनू नोको. कव्हाच नोको."

कुंदा आतच राहिली. साळ्यानं सांगितलं की पुसायचं तर त्याच जागेवर पुन्हा भरावं लागतं. दुसरं गाणं म्हणा. पण सु.दा.चा गळा संपला होता. मग तसंच, रिकामं भरलं. टेप फिरत राहिला अन् आम्ही सगळे गप बसलो, गाणं जेवढं होतं तेवढा वेळ. अंगणात कोंबडी, शेजारी कोणी लाकूड फोडत होतं. सु.दा. एकदा खाकरला.

८ फेब्रुवारी

काल परत येताना लहानू स्टँडपर्यंत आला होता. त्यानं सांगितलं ते इथे लिहून ठेवतो.

सुरुवातीच्या वर्षांत वरची ओळ सु.दा.ची बायको गायची. सरजा. पार्टीत बाई, हे तेव्हा कोणाकडेच नव्हतं. जुनी गाणी तिच्याच गळ्यासाठी बांधली लहानूनं. एका मंडईत गाणं चालू असताना पिऊन आलेले लोक स्टेजवर चढले. तिचा हात धरला. ओढलं. सु.दा. अन् लहानूला मारलं. दुसऱ्या दिवशी गावातल्या मोठ्या माणसांकडे गेले तर ते म्हणाले, तुम्हीच बाईला नाचवता, मग आमच्याकडे कायले आले? नाचवत नव्हते. ती उभी राहून गात होती.

त्यानंतर सरजा गायली नाही. धान कांडतानाही नाही, लहानू म्हणाला. कुंदा लहान असतानाच सरजा तापानं गेली. वरची ओळ मग सु.दा. गायला लागला.

शा.ला विचारलं, तुला माहीत होतं? त्यानं सुईत दोरा ओवला. मग म्हणाला, "मी ऐकली होती तिले. पोट्टा होतो मी तव्हा." म्हणजे त्याच्या जुन्या गाण्यांचं कारण ते होतं. इतकी वर्षं चालीवर भांडत होता माझ्याशी.

२६ फेब्रुवारी

ऑपरेशन झालं. जिवंत आहे. लहानू सांगून गेला, आत कुंदालाच जाऊ देतात.

११ मे

सु.दा. आज पहिल्यांदा साकोलीत. फार वाळला. गळ्यावर ओलं फडकं, त्यावरून दुपट्टा. तो हातानं बोलतो अन् कुंदा आम्हाला सांगते. आता ती बोलते, बोलावंच लागतं. साळ्यानं टेप शा.कडेच ठेवलाय काही दिवस. शा.नं न विचारता कॅसेट लावली, मला राग आला. पण सु.दा. बसला ऐकत. गाणी गेली. मग ती रिकामी जागा आली. कोंबडी, लाकडाचे घाव. कोणी बंद केलं नाही. मग त्याचं ते खाकरणं. तेवढ्यात त्याचा हात गळ्याकडे गेला.

कुंदा दुकानाबाहेर जाऊन उभी राहिली.

३० नोव्हेंबर १९८०

मंडईत पार्टी पाहिली. नवा गायक, तुमसरकडचा पोरगा, सिनेमाच्या चाली. गळा बरा. 'पाटाचं पाणी'ची फर्माईश झाली तर म्हणाला, ते नाही बसवलं. लोक उठायला लागले. लहानू खाली मान घालून पेटी वाजवत होता. शा. अन् मी शेवटपर्यंत बसलो, बसायचं म्हणून.

सकाळी दुकानात चहा घेतला. भांडलो नाही. भांडायला काही नव्हतं.

१९ एप्रिल १९८२

कुंदाचं लग्न लागलं काल. मुलगा चिखल्याच्या खाणीत, शा.च्या साळ्याच्या शेजारी राहतो कॉलनीत. चांगला वाटला. बुद्धवंदना झाली. जेवणं झाल्यावर बायांची गाणी सुरू झाली. कुंदाला म्हणा म्हणा करत होत्या. ती बापाकडे पाहत राहिली. सु.दा. पत्रावळी उचलत होता, पाठ करून. ती नाही गायली.

८ सप्टेंबर १९८३

साळा आला होता. सांगत होता, कॉलनीत बायांमध्ये कुंदा गाते. दुपारी, बाप्ये ड्युटीवर असले की. खाणीवरून परतणारी माणसं रस्त्यात थांबतात म्हणे. सासूला पसंत नाही. नवऱ्याचं काही म्हणणं नाही.

शा. म्हणाला, हे सु.दा.ला सांगायचं नाही. मी म्हणालो, सांगायचं. वाद झाला. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शेवटी लहानूच्या कानावर गेलंच.

१५ नोव्हेंबर १९८३

लहानू काल चिखल्याला गेला. पार्टी बंद पडल्यात जमा आहे, तुमसरचा पोरगा सोडून गेला. पुढच्या आठवड्यातल्या मंडईला शेवटचं बोलावणं आहे. कुंदाला आणतो म्हणाला. एका रात्रीसाठी, नवऱ्यासकट, आपल्या मोहल्ल्याची सगळी माणसं स्टेजभोवती बसवून. जायच्या आधी सु.दा.ला सांगितलं. सु.दा.नं हात हलवला. लहानू म्हणतो ती 'जा' म्हणून खूण होती. शा. तिथेच होता, तो म्हणतो 'नको' होती. मी नव्हतो.

आज ड्युटीवर आलो तर सु.दा. फलाटावरच्या बाकावर. सकाळच्या लाखांदूर गाडीनं आलेला. मी चहा पाठवला, थोडा थोडा घेतला त्यानं. तुमसरकडच्या गाड्या कधी (चिखल्याची माणसं त्यांनीच येतात), ते बोटानं विचारलं. सांगितलं. पहिली आली, लहानू नव्हता. सु.दा. पुन्हा बसला.

शा. दुकान उघडं टाकून माझ्या खिडकीशी आला. म्हणतो, तो पोरीला खाली उतरू देणार नाही, त्याच गाडीनं परत पाठवेल. सरजाचं त्यानं पाहिलं आहे, आपण नाही. मी म्हणालो, घ्यायला आलाय तो. नाही तर घरी बसून राहिला असता. शा. म्हणाला, "तुले कव्हाच नाई कळलं गानं."

जाऊन विचारता आलं असतं. हातानं सांगितलं असतं त्यानं. दोघंही गेलो नाही.

दुपारची तुमसर गाडी वळणावर दिसते आहे. नोंद घ्यायला उठलं पाहिजे. सु.दा. उभा राहिलाय, दुपट्टा नीट करतो आहे.