भावोजींच्या खुर्चीच्या फोटोमागे मी काय लिहिलं

आदरणीय भावोजी,

धाकट्या मेहुणीचा वाकून नमस्कार. तब्येत कशी आहे, गुडघा काय म्हणतो, ताईशी बोलणं चालू आहे की तेही बंद? (माझ्याशी बंद आहे, हे अकरा दिवसांत माझ्या लक्षात आलंय. फोन तुम्हीच उचलता, श्वास ऐकू येतो आणि मग एकदम ताईचा आवाज येतो.) म्हणून हे पत्र. फोन ठेवून देता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस ते वाचतोच.

घडलं ते असं. माझ्या खुर्च्या-सोफे दुरुस्तीच्या दुकानाची वेबसाइट तुमच्याच लेकीनं केली. (पोरगी हुशार आहे. आईवर गेलीय.) पानावर तिनं नुसते फोटो लावले, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, तेवीस. मला म्हणाली, "मावशी, प्रत्येक फोटोमागे त्याचं वर्णन लिही. पानावर ते दिसत नाही, पण ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांना फोन ते वाचून दाखवतो." मी त्यातलं 'पानावर दिसत नाही' एवढंच ऐकलं. दुपारची वेळ, दुकानात चिटपाखरू नाही, तोंडात चुका धरलेल्या (ठोकायच्या बारीक चुका हो, माझ्या नव्हेत), त्यामुळे बोलायची सोय नव्हती. सगळं बोलणं बोटांत उतरलं. तुमची खुर्ची दुरुस्तीला आली तेव्हाचा फोटो समोर होता. त्यामागे लिहिलं: 'आमच्या भावोजींची खुर्ची. निवृत्त झाले त्या दिवशी बसले ते चार वर्षं उठले नाहीत. स्प्रिंगांनी मान टाकली. दोष खुर्चीचा नाही.'

आता लोक दुकानाचं नाव सर्च करतात तेव्हा नावाखाली दुकानाची दोन ओळींत ओळख येते, ती कुठून येते हे मला कोण सांगणार? ती म्हणे बऱ्याचदा पानावरच्या मजकुरातूनच उचललेली असते. आमच्या पानावर मजकूर होता कुठे! मग फोटोंमागचं लिखाण उचललं गेलं, आणि तेविसांतून नेमके तुम्हीच सापडलात. वर दुकानाचं नाव, खाली तुम्ही. तुमच्या ऑफिसातले जुने साहेब स्टूल दुरुस्त करून घ्यायला दुकान शोधत होते, त्यांनी ते वाचलं आणि तुम्हाला फोन करून विचारलं, "काय हो, उठलात का?" ताई सांगत होती, तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. भावोजी, तीस वर्षांत एकदाही उशिरा न गेलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असं चव्हाट्यावर बसवणं बरं नव्हे.

घाबरून मी सगळी वर्णनं पुसली. शेजारचा छापखानेवाला म्हणाला, हीच संधी आहे, सगळीकडे 'स्वस्त खुर्ची उत्तम खुर्ची खुर्ची दुरुस्ती' असं ठासून भरा, दुकान सर्चमध्ये वर येईल. (स्वतःच्या दुकानाची पाटी तीन वर्षं उलटी लावून बसलेला माणूस! पण बुडत्याला काडीचा आधार.) मी भरलं. दोन दिवसांनी एका बाईंचा फोन आला. गाणं शिकवतात, जन्मापासून दृष्टी नाही.

"परवा तुमच्या पानावर मला खुर्च्या दिसल्या होत्या," त्या म्हणाल्या. "आज माझा फोन तेवीस वेळा 'स्वस्त खुर्ची' ओरडला. ती भावोजींची कुठे गेली?"

मी माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "माफी कसली? चार वर्षं माणूस उठला नाही, म्हणजे किती आरामाची असेल! मला अगदी तशीच करून द्या. तासभर शिकवलं की माझी कंबर माझ्यापेक्षा वरच्या पट्टीत गाते."

फोन ठेवला तेव्हा कळलं: ज्यांच्यासाठी ती जागा होती त्यांनी ती खरोखर वाचली होती, आणि मी तिथे आधी टवाळी लिहिली, मग कचरा भरला. त्याच दुपारी तुमच्या लेकीला बसवून तेवीसच्या तेवीस वर्णनं नव्यानं लिहिली. तुमची आता अशी आहे: 'उंच पाठीची लाकडी खुर्ची, तपकिरी मखमल, रुंद हात, बैठकीच्या मधोमध खळगा.' पानावरही दुकानाबद्दल चार सरळ ओळी घातल्या, म्हणजे सर्चला उचलायला काही सभ्य मिळेल. लेक म्हणाली, "मावशी, वाक्य छान होतं. पण बाबांना विचारायचं होतंस." खरं आहे. चुकले, भावोजी. राग उतरला असेल तर पुढच्या फोनला श्वासाऐवजी निदान 'हं' म्हणा.

आपली मेहुणी
(तुम्ही जिला 'टाचणी' म्हणता ती)

ता. क. सर्चमधली ओळ बदलायला दिवस लागतात, आणि काय दाखवायचं ही त्यांची मर्जी, असं लेक सांगते. आज सकाळी पाहिलं. अजून तुम्हीच आहात.

ता. क. २. गाण्याच्या बाईंना शनिवारी खुर्ची हातानं चाचपून, बसून पाहायची आहे. तसली खुर्ची एकच आहे आणि हे पत्र तुम्ही तिच्यातच बसून वाचताय. चार तासांसाठी हवी. ताईनं होकार दिलाय. टेम्पो नऊला येईल.

ता. क. ३. उठवत नसेल तर तसेच बसून राहा. टेम्पोवाल्याला विचारून ठेवलंय, तो दोघांनाही आणेल. फक्त तुमचं खरं वजन आधी कळवा म्हणतो.