अर्धी मिल्ड्रेड

पनवेल, मंगळवार

प्रिय मिल्ड्रेड,

रविवारी परत जाताना तुम्ही जासईला कंटेनरच्या रांगेत अडकलात, असं अपूर्वने सांगितलं. इकडे उरलेल्या करंज्या खात आमचं तुझ्याबद्दलच चाललं होतं. बाळूदादा, म्हणजे तुझे होणारे सासरे, म्हणाले, नाव औषधासारखं आहे, जेवणानंतर दोन चमचे. वहिनींनी डोळे वटारले. मनावर घेऊ नकोस; माझा भाऊ परक्यांची थट्टा करत नाही.

लग्नात अपूर्वने ताटातल्या तांदळात अंगठीने तुझं नवं नाव लिहायचं, ही आमच्याकडची रीत. वहिनींनी ‘मृदुला’ सुचवलं तेही मायेनं. मिल्ड्रेडमध्ये सौम्यपणा आहे, मग अर्थ तोच राहील, म्हणाल्या. सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. तू ओढणी सारखी करत ‘चालेल’ म्हणालीस. ते ‘चालेल’ माझ्या मनातून जाईना. रोजनिशीत लिहिलं, तरी जाईना. कदाचित तुला खरंच आवडलं असेल आणि मीच नसतं काही पाहत असेन.

काल कॉलेजच्या लायब्ररीत, माझ्या कामाच्या जागी, नावांचा कोश उघडला. तुझं नाव जुन्या इंग्रजीतलं, हजार वर्षांहून जुनं. त्यात दोन शब्द आहेत. पहिला सौम्य, दुसरा बळ. आजीचं नाव तुला दिलं, असं तू सांगत होतीस. आजोबा गेल्यावर तिने उरणात शिलाई मशीन चालवून मुलं शिकवली आणि कधी आवाज चढवला नाही. मृदुला म्हटलं की तिचा आवाज तेवढा राहतो, बाकीची आजी जाते.

आता माहेरीसुद्धा सगळे मला रुचिरा म्हणतात, तूही रुचिराआत्या म्हणालीस. ते माझं तांदळातलं नाव. गोड आहे, आणि हाक मारणारी माणसंही चांगली मिळाली. पण ते ताटात उमटलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, कोण आलं म्हणून. मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारलं, पण भरल्या घरात, सगळ्यांच्या देखत. तिथे नाही कसं म्हणणार? म्हणून एकटीला विचारते आहे. ताट धरायचा मान आत्याचा. मृदुला मनापासून हवं असेल तर आनंदाने धरीन. नसेल तर एक ओळ कळव. वहिनींशी मी बोलेन, आणि ताट जरा मोठं घेईन. तुझं जोडाक्षर ऐसपैस मावायला हवं.

तुझीच, होणारी आतेसासू,
शशिकला