सकाळचा धूर आणि उजव्या वळणावरचा खटका

वस्ताद, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, आणि पत्रं लिहायची मला कधीच सवय नव्हती. पण परवा लेकीची नवी गाडी दाखवायला गेले, तर तिथल्या माणसानं एका डबीची वायर गाडीला जोडली आणि पडद्यावरचं दुखणं वाचून दाखवलं. ना त्यानं कान लावला, ना हात. मी आपली एसीत बसून एकटीच हसत होते. लेक म्हणाली, "आई, काय झालं?" आता तिला काय सांगू? तुमची आठवण झाली की मला हसूच येतं. तुम्हाला ते चालेल, मला माहीत आहे.

आमची जुनी डिझेल पिकअप तुमच्या दारात पहिल्यांदा आली ती खोकतच आली. नव्वदचं दशक सरत आलं होतं. माझी भाजीच्या रोपांची नर्सरी नुकती कुठं बाळसं धरत होती. वांगी, मिरची, झेंडूची रोपं क्रेटमध्ये भरायची, बाजाराच्या दिवशी गडहिंग्लजला न्यायची, एरवी नृसिंहवाडीच्या बाजूच्या मळ्यांत पोचवायची. गाडी मी चालवायचे. आमचे हे शाळामास्तर. त्यांनीच मला शिकवली, आणि शिकवून झाल्यावर माझ्या शेजारी डोळे मिटून बसायला लागले. बाई गाडी चालवते म्हणून लोक वळून बघायचे, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. अशात गाडीला दोन दुखणी लागली. सकाळी सुरू करताना अंगणभर धूर, आणि उजवीकडं वळताना स्टिअरिंगखाली 'कट्ट'. गावातल्या फिटरनं लांबूनच निकाल दिला, इंजिन बसलं. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, लगेच गिऱ्हाईक ठरवलं. "ऐतवारी पावणं गाडी बघाय येणार हायत," म्हणाले, "धुऊन ठेवा." माझी रोपं काय, दुसऱ्याच्या टेम्पोतून गेली असती. मी कशातून जाणार होते?

म्हणून सोमवारीच उद्यमनगरात तुमच्या गॅरेजवर आले. बॉनेट उघडायच्या आधी गिऱ्हाइकानं तोंडानं आवाज काढून दाखवायचा, ही तुमची रीत मला कुणी सांगितली नव्हती. माझ्या आधी एक फेटेवाले आजोबा बाकावर बसून घशातून 'घर्र, घर्र, टुक' करतायत, तुम्ही चहाची बशी हातात धरून डोळे मिटून ऐकताय, आणि "दोन घर्रला एक टुक, का तीनला?" असं गंभीरपणे विचारताय. मग माझी पाळी. चार पुरुषांपुढं मी पदर तोंडाशी धरून हळूच 'कट्ट' म्हटलं. "वैनी, गाडी अशी लाजती व्हय? मोठ्यानं काढा की." मी इतक्या मोठ्यानं काढला की समोरचा लेथवाला काम टाकून बाहेर आला. "हां," तुम्ही म्हणालात, "आता धूर सांगा." "निळा," मी म्हटलं. "सवता बघितलासा?" "फिटर म्हणाला." तुम्ही बशी खाली ठेवली. "गाडी कुणाची, फिटरची? जावा घरला. दुसऱ्याच्या डोळ्यानं बघितल्याला धूर घिऊन माझ्याकडं यायचं न्हाय." एवढं बोलणं मला माहेरीसुद्धा कुणी लावलं नव्हतं. कान तापले. पण निघताना तुम्हीच खिडकीशी येऊन समजावलंत. निळा असला तर तेल जळतंय, इंजिन उघडावं लागेल. पांढरा असला, डोळ्याला झोंबला आणि डिझेलचा वास आला, तर थंड इंजिनाला ऊब देणाऱ्या कांड्या, म्हणजे हीटर प्लग गेलेत, काम किरकोळ. "सायलेन्सरमागं पांढरं फडकं धरा. तीन सकाळी. मग या."

आता आमच्या घरात, त्या रोपांच्या मातीत, पांढरं फडकं कुठलं? दोरीवर मात्र मामंजींची टोपी वाळत होती, खळ घालून कडक केलेली, त्या दिवशी कारखान्याच्या सभेला जायची. मी ती दोन्ही हातांनी सायलेन्सरमागं धरली आणि ह्यांनी किल्ली फिरवली. धूर पांढराफटक. माझ्या डोळ्यांतून पाणी, टोपी ओलसर, तेलाचा एक डाग नाही, आणि दोनेक मिनिटांत सगळा धूर विरला. मी नाचतच वळले, तर ओसरीवर मामंजी उघड्या डोक्यानं उभे. "सूनबाई, माझी टोपी." मी ती तशीच त्यांच्यापुढं धरली. "मामंजी, वास घिऊन बघा. तेल न्हाय, डिझेल हाय." आणि त्या भल्या माणसानं खरंच वास घेतला. "डिझेलच हाय," म्हणाले, आणि डोक्याला उपरणं गुंडाळून सभेला गेले. उरलेल्या दोन सकाळी टोपी त्यांनीच धरली.

शुक्रवारी तुम्ही चारांतल्या तीन कांड्या मेलेल्या काढल्यात आणि नव्या बसवल्यात. राहिला खटका. तुम्ही गोणपाट अंथरून म्हणालात, "वैनी, आत." साडी सावरत मी गाडीखाली गेले. रस्त्यावर बघे जमलेत, वर हे स्टिअरिंग दोन बोटं इकडं, दोन बोटं तिकडं हलवतायत, आणि तुम्ही माझा हात आधी डाव्या चाकाजवळच्या सांध्यावर ठेवलात, मग उजव्या. "कुठल्यात ढिलं लागतंय हाताला?" "उजव्या," मी म्हटलं. तुम्ही स्वतः वाकूनही बघितलं नाहीत. उजवा सांधा खोलायला लावलात, आणि तो हलणाऱ्या दातासारखा बाहेर आला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं तुम्ही म्हणालात, "बघा रे, वैनींच्या हाताला कळतंय." आमचे मास्तर त्या दिवसापासून गाडीत डोळे उघडे ठेवून बसायला लागले.

रविवारी पाहुणे आले. गाडी पहिल्या किल्लीला सुरू, धुराचा पत्ता नाही. त्यांनी चक्कर मारली आणि खूश होऊन मामंजींना विचारलं, "एवढी ब्येस गाडी इकतासा कशाला?" मामंजींनी माझ्याकडं बघितलं. "व्हय की," म्हणाले, "कशाला इकू?" आणि पाहुण्यांना पोटभर जेवू घालून परत पाठवलं. पुढं कितीतरी वर्षं ती गाडी माझ्याच हातात राहिली. तुम्ही नव्या गिऱ्हाइकांना माझी गोष्ट सांगायचात, मी समोर असले तर माझा तळवा वर धरून दाखवायचात, आणि मी दुसरीकडंच बघायचे.

आता खरं सांगते. त्या शुक्रवारी माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. दोन्ही सांधे सारखेच, गार लोखंड. कळत नाही म्हटलं तर तुम्ही परत घरी धाडाल आणि मध्ये रविवार येईल, या भीतीनं खटका उजव्या वळणावर होतो म्हणून उजवा म्हटलं. अंदाजपंचे. दुसऱ्याच्या डोळ्यानं बघितलेल्या धुराबद्दल बोलणी खाऊनही मी तुमच्या तोंडावर थाप मारली, आणि नशिबानं ती खरी निघाली.

दोन वर्षांनी बिद्रीच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकले असताना, खटका पुन्हा आला. गाडी कडेला घेतली, ह्यांना स्टिअरिंग हलवायला लावलं आणि खाली गेले. उजवा सांधा गप्प. डाव्यावर हात ठेवला, आणि तळव्याला अगदी बारीक, कुणी आतून टिचकी मारावी तसं लागलं. पुन्हा लागलं. मी त्या धुळीत पडून हसत सुटले. वाटलं, गाडी तशीच तुमच्याकडं पळवावी आणि दारातूनच सांगावं, वस्ताद, कळलं. पण तुमच्या लेखी मला ते दोन वर्षांपूर्वीच कळलेलं. मग कुठल्या तोंडानं सांगणार? मी नुसतं "डावा सांधा" म्हटलं, तुम्ही "बरं" म्हणालात, आणि माझी एवढी मोठी बातमी तशीच माझ्याबरोबर घरी परत आली. तुम्ही किती हसला असता, याचा मी अजून विचार करते.

हे पत्र कुठं टाकायचं नाही. पण उद्यमनगरात कळलं नव्हतं, वस्ताद. बिद्रीला कळलं.