ज्या खोलीला कडी नाही

मी, पंचफुला खंडू मुनेश्वर, वय वर्षे सदुसष्ट, सेवानिवृत्त शालेय ग्रंथपाल, राहणार आर्णी, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, कोणाचा दबाव नाही. राग मात्र आहे. रागात लिहिलेले मृत्युपत्र रद्द होते का, हे वकिलाला विचारून घेतले. होत नाही. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. घर. आर्णीतील माझे दोन खोल्यांचे घर माझी भाची अपेक्षा बळीराम मुनेश्वर हिला मिळावे. तिने ग्रंथालयशास्त्रात दोन पदव्या घेतल्या आणि आज ती मोबाइलच्या दुकानात रिचार्ज मारते. मी निवृत्त झाले त्याच महिन्यात शाळेतले ग्रंथपालाचे पद संपल्याचे पत्र आले. मी गेले, माझ्यामागून माझी खुर्चीही गेली. माझा भाऊ बळीराम मला म्हणतो, "बाई, तुह्या नादानं पोरीचं वाटोळं झालं." नादी मी लावले, हे कबूल. वाटोळे कोणी केले ते पुढे लिहिले आहे. बळीरामला घरात वाटा नाही. त्याला माझी शिलाई मशीन द्यावी आणि त्याने रुसू नये.

२. पुढची खोली. तिथे माझी स्वतःची नऊशे चौदा पुस्तके आहेत. शाळा सुटल्यावर कोणत्याही मुलाला तिथे येऊन बसता यावे, पुस्तक घरी नेता यावे, ही घर देण्यामागची अट. त्या खोलीचा कडी-कोयंडा मी सुताराकडून काढून घेतला आहे. तो पुन्हा बसवला तर अपेक्षाचा घरावरचा हक्क संपेल. ती बसवणार नाही, पण उद्या तिचा नवरा शहाणा निघाला तर काय घ्या.

३. कडी का काढली. निवृत्त होताना मी ग्रंथालयाचा चार्ज खेळाचे शिक्षक सेवादास राठोड यांना दिला, कारण दुसरे कोणी घेईना. चार्ज म्हणजे एकेक पुस्तक नंबराने मोजून द्यायचे आणि घेणाऱ्याने सही करायची. राठोड सर मला म्हणाले, "मॅडम, मी खो-खो शिकवतो. पुस्तक हरवलं तं माह्या पगारातून कापतीन. मले भेव लागते." मग त्यांनी तेच केले, जे सही केलेला घाबरलेला माणूस करतो. सगळ्या कपाटांना कुलूप लावले.

तीन वर्षांनी तपासणी आली तेव्हा कपाटे उघडली. पुठ्ठे रांगेत उभे होते आणि आत उधईची, म्हणजे वाळवीची, माती होती. तपासणी अधिकाऱ्याने पुठ्ठ्यांवरचे नंबर मोजले. एकही कमी नव्हता. त्याने शेरा लिहिला, 'ग्रंथालय सुस्थितीत.' माझ्या काळात एकसष्ट पुस्तके कमी भरली म्हणून मला संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीचा मेमो मिळाला होता. ती दप्तरात झिजली, शेताच्या धुऱ्यावर भिजली, एक तर लग्न झालेल्या पोरीबरोबर ढाणकीला गेले. ती वाचून संपली होती. मेमो मी जपून ठेवला आहे, तो माझ्यासोबत जाळावा.

राठोड सर वाईट नाहीत. त्यांना शिट्टी द्यायची सोडून किल्ल्या देणारी व्यवस्था वाईट आहे, आणि तिला मी मरेपर्यंत माफ करणार नाही. मेल्यावरचे सांगता येत नाही.

४. मोनाली टेकाम. इथे राग माझा माझ्यावर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अर्धवेळ होते, कायम नव्हते, आणि मीही कुलूप लावत असे. मोनाली ही केळापूरकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची, आर्णीला वसतिगृहात राहणारी नववीतली मुलगी. तिने काचेतून ताऱ्यांचे एक पुस्तक पाहिले होते. "मॅडम, नुसतं दाखवा ना. मी हात नाही लावत," ती म्हणाली. मी म्हटले, उद्या. महिनाभर उद्या म्हणत राहिले. दिवाळीला ती गावी गेली ती परत आलीच नाही. त्यानंतर मी कुलूप लावले नाही, पण त्याचा तिला काय उपयोग.

तेच पुस्तक मी नंतर विकत आणले आहे. अपेक्षाने मोनालीला शोधून ते द्यावे. ती नसेल तर तिच्या लेकरांना द्यावे. कोणाचीही सही घेऊ नये.

५. कायदा. सोबत दोन पानी मसुदा जोडला आहे. माझ्या मालकीत याच्याहून मोलाचे काही नाही. मुलांचा पट कितीही असो, प्रत्येक शाळेत शिकलेला ग्रंथपाल असावा. तो निवृत्त झाला तरी पद राहावे. वाचून फाटलेल्या किंवा हरवलेल्या पुस्तकाची वसुली कोणाच्या पगारातून होऊ नये. परिपत्रके मी खूप पाहिली. एक येते, दुसरे त्याला खाऊन टाकते. कायदा असला तर निदान कोर्टात भांडता येते.

हिवाळी अधिवेशनाला मी पाच वेळा नागपूरला गेले. एका पुढाऱ्याने निवेदन घेतले, फोटो काढला आणि म्हणाला, "ताई, पोरं आता मोबाइलवर वाचतात." काय वाचतात, असे मी विचारले. तेवढ्यात त्याचाच मोबाइल वाजला. यापुढे दरवर्षी अपेक्षाने जावे, कायदा होईपर्यंत.

कायदा होऊन आमच्या शाळेत ग्रंथपाल बसेल त्या दिवशी माझी सर्व पुस्तके शाळेला द्यावीत. तोवर एकही देऊ नये. संस्थेचे अध्यक्ष ती दान मागायला फोटोग्राफर घेऊन आले होते. मी चहा दिला.

६. माझे लोखंडी कपाट कुलूप-किल्लीसह त्याच अध्यक्षांना द्यावे. त्यांना कुलपांची हौस आहे. आत काही ठेवू नये.

हे सर्व वाचून, समजून मी दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : आर्णी
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

पंचफुला खंडू मुनेश्वर (सही)

साक्षीदार १ : विठ्ठलराव देवसरकर, शेजारी (सही)

साक्षीदार २ : सेवादास राठोड, शिक्षक

नोंद : राठोड सरांनी पेनचे टोपण काढले आणि परत लावले. मग त्यांनी विचारले, "मॅडम, याच्यातलं काही हरवलं तं माह्यावर येईन काय?" चार्ज देऊन नऊ वर्षे झाली, माणसाचे भेव गेलेले नाही. मी म्हटले, "नाही सर. या घरात माझा कायदा लागू झाला आहे."

सेवादास राठोड (सही)